मधली जोडी

पाथर्डी फाटा, नाशिक
४ नोव्हेंबर, मंगळवार

रुद्रा,

आधी आशीर्वाद घे, आणि मग मला सांग, लाल आणि हिरवा एकत्र केला तर काय होतं?

मी म्हटलं, चिखल. रंगपंचमीला रहाडीच्या हौदातून निघालेली पोरं काय मी बघितली नाहीत? पण तुझी मामेबहीण योगिनी म्हणते, "आजी, पिवळा होतो." मी म्हटलं, "योगे, हिरवी मिरची आणि लाल मिरची एकत्र कुटून कधी हळद झालीय का?" तर तिने मला खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि करूनच दाखवलं. झाला की रे पिवळा! लिंबाच्याही वरचा, डोळ्यात भरणारा. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा पिवळाच.

योगिनीने कंपनी सोडली, हे तुला ठाऊक नसेल. आता घरीच, मधल्या खोलीत बसून लोकांच्या वेबसाइटी करते. वेबसाइट म्हणजे दुकानाची पाटीच, पण फोनमधे लावलेली. मी गहू निवडायचं ताट घेऊन तिच्या शेजारी बसते. तुझा मामा ओरडतो, "आई, तिला काम करू दे." मी म्हणते, "मी काय तिचा हात धरलाय?" पण तुला म्हणून सांगते, गहू तसेच राहतात. नजर पडद्यावरच असते.

तिचं म्हणणं असं, की आपला रंग भांड्यातला आणि कॉम्प्युटरचा रंग उजेडाचा. आत तीन नळ आहेत असं समज. एक लाल उजेडाचा, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्ही बंद केले की अंधार, म्हणजे काळा. तिन्ही पुरते सोडले की पांढरा. बाकी सगळी दुनिया ह्या दोघांच्या मधे. कोणता नळ किती सोडला ते लिहून ठेवायचं, तोच त्या रंगाचा नंबर. सहा घरं असतात. पहिली जोडी लालची, मधली हिरव्याची, शेवटची निळ्याची. आकडे नऊपर्यंत पुरतात, पुढे इंग्रजी अक्षरं लावतात, ए पासून एफ पर्यंत. एफ सगळ्यांत मोठा. मी चौथी शिकलेली बाई, आमच्या शाळेत इंग्रजी कुठलं! पण सहा अक्षरं काय, सहा सुना आल्या असत्या तर त्यांची नावं पाठ केलीच असती ना मी. एफ मला आवडला. मोडक्या फणीसारखा दिसतो.

नंबराने भांडण मिटतं बघ. एकाच साडीला मी आमसुली म्हणते, तुझी आई चटणी रंग म्हणते, दुकानदार मरून म्हणतो. नंबर सांगितला की तिघांचंही तोंड बंद.

काही रंगांना नंबराशिवाय नावंही आहेत, ती लिहिली तरी कॉम्प्युटरला कळतात. मी म्हटलं, वाच. तिने वाचली. गहू आहे, चॉकलेट आहे, तुझ्या नागपूरचं संत्रं आहे. आपला कांदा नाही, बाजरी नाही, मोरपंखी नाही. ज्याने कोणी यादी केली तो लासलगावाकडे कधी फिरकला नसावा. पण टोमॅटो आहे! टोमॅटो नावाचा रंग. त्याचा नंबर FF6347. मी चित्रासारखा काढलाय, नीट उमटलाय का?

टोमॅटोवरून तू आठवलास. पिंपळगावच्या मळ्यात तोडणी चालली की तुझे वडील सगळ्यांदेखत तुझ्या नावाने ओरडायचे. तुझ्या कॅरेटमधे निम्मे टोमॅटो हिरवे निघायचे. "खंडेरावचा पोरगा आणि कामात लक्ष नाय," असं म्हणून एकदा पाठीत धपाटा घातला होता. तू माझ्याजवळ येऊन बसलास आणि गप्प शेंगा सोलत राहिलास.

असो. सायलीला दिवस गेलेत. संक्रांतीनंतर डोहाळजेवण आहे, तिच्या माहेरी, म्हणजे तुझ्याच घरी. तू मामा होणार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझा दोस्त दिनेश, अंबडच्या कारखान्यातला, त्याच्याकडून मी हा पत्ता काढला. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला थालीपीठ खाऊ घालून फितवलं. लग्नातल्या बांगड्यांचा विषय मी काढणार नाही. काढला तर तू पत्र मिटून ठेवशील.

तुझी,
आजी

•

पाथर्डी फाटा
२७ नोव्हेंबर, चंपाषष्ठीचा दुसरा दिवस

रुद्रा,

काल चंपाषष्ठी झाली, वांगं सुटलं. चार महिन्यांनी भरीत खाल्लं आणि त्याआधी वांग्याचा नंबर काढला! योगिनीच्या फोनमधे तशी सोय आहे. वस्तूवर फोन धरायचा आणि बोट ठेवायचं, की नंबर येतो. ट्यूबलाइटखाली एक आला. ओट्यावर धरलं तर दुसरा. गच्चीत उन्हात नेलं तर तिसराच. मी म्हटलं, "योगे, तुझा फोन खोटं बोलतो." ती म्हणाली, "फोन उजेड मोजतो, आजी. उजेड बदलला की नंबर बदलणार." म्हणजे काय, तर खरा रंग बघायचा असेल तर दुकानाच्या बाहेर उन्हात ये. हे तर माझ्या आईने मला लुगडं घेताना सांगितलं होतं.

आता जे लिहिणार आहे ते निवांत बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

तुझ्या वडिलांच्या पॅकहाउसची वेबसाइट सध्या योगिनीच करतेय. त्यात द्राक्षाच्या प्रत्येक जातीपुढे टिकली द्यायची आहे. माल असला तर हिरवी, संपला तर लाल. वडिलांचीच कल्पना. टिकल्या झाल्यावर योगिनी म्हणाली, "आता तपासून बघू." तिच्या कॉम्प्युटरला एक चष्मा लावता येतो. आपल्या डोळ्याला नाही, पडद्याला. काही जणांना जन्मापासून लाल आणि हिरव्यात फरक दिसत नाही म्हणे, बायकांत क्वचित, बाप्यांत बऱ्याच जणांना. त्यांना ती पाटी कशी दिसेल, ते तो चष्मा दाखवतो. तिने लावला आणि दोन्ही टिकल्या सारख्याच मातकट झाल्या. माल आहे की संपला, काही कळेना.

मला आधी मजाच वाटली. म्हटलं, ह्याला लाव, त्याला लाव. तुळशीचा फोटो लावला, पानावरचं कुंकू हरवलं. माझ्या नऊवारीचे काठ गेले. मग मी सहज म्हटलं, सायलीच्या लग्नाचा फोटो लाव. नवरी कशी दिसते ते बघायचं होतं, एवढंच.

त्या फोटोत सायली चुडा भरून उभी आहे, आणि मागे पाटावर ते उघडं खोकं आहे. तू आणलेलं.

चष्मा चढला आणि सायलीचा चुडा आणि खोक्यातल्या बांगड्या एक झाल्या. एकच मातीचा रंग. मी म्हटलं, "काढ." काढला. हिरव्या वेगळ्या, तपकिरी वेगळ्या. "घाल." एक झाल्या. योगिनीचा हात तसाच राहिला. ती माझ्याकडे बघेना आणि मी तिच्याकडे.

तुला त्या दिवशी हेच दिसलं होतं ना रे?

कासाराकडच्या बांगड्या संपल्या, सवाष्णी वाट बघत बसल्या होत्या, आणि तुला बाजारात पिटाळलं. दुकानात लग्नसराईची गर्दी, तू स्वतःच फळीवरून खोकं उचललंस आणि धावत आलास. उघडलं तर सगळ्या तपकिरी. नवरीच्या मांडवात हिरव्याच्या जागी तपकिरी. सायलीची सासू म्हणाली, "आमच्या पोरावर एवढा राग आहे का, की शकुन मोडावा?" कारण सायलीचं शिक्षण पुरं होऊ दे, मग लग्न करा, म्हणून तू आधी भांडला होतास ना. तुझ्या वडिलांनाही तेच पटलं. "मुद्दाम केलंस," म्हणाले, सगळ्यांसमोर. तू एक शब्द बोलला नाहीस. अक्षता पडल्या आणि न जेवता निघून गेलास.

तुला माहीत होतं. रेल्वेची लेखी परीक्षा पास झालास, इंजिन चालवणार म्हणून आईने पेढे वाटले, मग डॉक्टरी तपासणी करून आलास आणि म्हणालास, "मला नकोच ती नोकरी." तिथेच कळलं असणार तुला. आणि मांडवात तू गप्प का राहिलास, तेही मला आत्ता कळतंय. सायलीची सासू समोर उभी होती. तू तोंड उघडलं असतंस तर तिने तिथल्या तिथे घराण्याची खोट काढली असती आणि सायलीच्या पोटी काय येईल ते विचारलं असतं. बहिणीसाठी आळ सोसलास तू, पोरा.

आता माझं ऐक. माझे वडील, सावळीराम अण्णा, तू त्यांना बघितलं नाहीस. मिरची पिकली की ते मला पुढे घालून शेतात जायचे. "कुसा, लाल झालेली कोणती ते तू सांग, मी तोडतो." मी बोट दाखवायची, ते तोडायचे. भाऊ जळायचे माझ्यावर. मला वाटायचं, मी लाडकी म्हणून माझा एवढा मान. लाडकी होतेच, पण त्यांना माझे डोळे लागत होते, हे आज ह्या वयात समजलं! योगिनी म्हणाली, ही गोष्ट बापाकडून लेकीकडे जाते, लेकीला स्वतःला काही होत नाही, ती पुढे देते आणि कोणा नातवाला गाठते. म्हणजे नाक तुझं वडिलांचं, उंची मामाची, आणि डोळे माझ्या अण्णांचे. माझ्या आणि तुझ्या आईच्या हातून तुला पोचले. मला रडायला येईल असं योगिनीला वाटलं. मला तर अण्णा परत भेटल्यासारखे वाटले.

मी कोणाला बोललेली नाही. योगिनीलाही शपथ घातलीय. सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण मला तरी कळव. तळाशी तिचा नंबर लिहिते. रंगाचा नाही, फोनचा.

आजी

•

पाथर्डी फाटा
९ डिसेंबर, मंगळवार

रुद्रा,

तुझं उत्तर नाही. पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं, असं धरून चालते.

मी शपथ मोडली नाही, हे आधी लिहून ठेवते. जे झालं ते त्या टिकल्यांनी केलं.

रविवारी तुझे वडील वेबसाइट बघायला आले, पिशवीभर पेरू घेऊन. योगिनीने मधल्या काळात टिकल्यांशेजारी अक्षरं घातली होती, "आहे" आणि "संपली", आणि लाल टिकलीवर फुलीही मारली होती. त्यांना ते आवडलं नाही. "एवढं लिवायला कशाला पायजे? हिरवी म्हणजे हाय, लाल म्हणजे संपली. गाढवालाबी कळंल."

योगिनी म्हणाली, "काका, गाढवालाच कळत नाही. आणि बऱ्याच माणसांनाही नाही." आणि लावला की पडद्याला चष्मा!

त्यांची द्राक्षं समोर होती. काळी, लाल, हिरवी. लाल आणि हिरवी एका रंगाची झाली. "मॉनिटर बिघडलाय तुझा," ते म्हणाले.

"बिघडला नाही. जन्मापासून असंच दिसणारी माणसं असतात. कोणी सांगतात, कोणी सांगत नाहीत."

मी तिच्याकडे डोळे वटारले, पण ती पडद्याकडेच बघत होती. तुझे वडील पडद्याजवळ सरकले. मी चहा ठेवला. त्यावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही. मग म्हणाले, "टोमॅटो दाखव. झाडावरचा."

तिने शोधून लावला. हिरवे, पिवळट, लाल, सगळे एका फांदीला. मग चष्मा चढवला. त्यांनी पडद्यावर बोट टेकलं आणि एकेका टोमॅटोवरून फिरवलं, मळ्यात फिरवतात तसं. "ह्यातला तोडायचा कंचा?" आम्हाला नव्हतं विचारलं ते. शेवटच्या टोमॅटोवर बोट थांबलं. म्हणाले, "मंग तो कॅरेट..." आणि बोट मागे घेतलं. उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"मामी, त्याचा पत्ता हाय का तुमच्याकडं?"

"हाय. तुम्हाला काय करायचाय?"

"काय नाय."

गेले. टोपी इथेच खुंटीवर राहिली. तीस वर्षं जावई आहेत माझे, टोपी कधी विसरले नव्हते. बांगड्यांचं नाव त्यांनी काढलं नाही, पण टोमॅटोपासून बांगड्यांपर्यंत यायला काही फार लांब चालावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सायलीचा फोन आला. तिला ह्यातलं काही माहीत नाही. तिला विचारलं, डोहाळजेवणाला कोणत्या कासाराला बोलवायचं? तर म्हणते, "आजी, बांगड्या दादाने आणल्या तर भरीन. परत तपकिरी आणल्या तरी भरीन. नाहीतर हात तसेच राहू देत." मी पोरीला खूप समजावलं. ऐकत नाही. तुझीच बहीण.

तेव्हा आता तुला काम आहे. हिरव्या बांगड्या तू आणायच्या. दुकानदाराला विचारून नाही, कोणाला सोबत नेऊन नाही, तू स्वतः. त्यासाठी आजीची शिकवणी ऐक. बांगड्या दुकानाबाहेर उन्हात धर. फोनमधे योगिनीसारखी सोय घे, फुकट मिळते म्हणते. नंबर येईल. अख्ख्या नंबराकडे बघूच नकोस, डोकं फिरेल. फक्त जोड्यांची पहिली घरं बघ. मधली जोडी तिघींत मोठी असली की हिरवा. पहिली मोठी असली की लाल, तपकिरी, त्या घरातलं काहीतरी, ते ठेवून दे. आकड्यापेक्षा अक्षर मोठं, एवढं ध्यानात ठेव. मी आमच्या गल्लीत सगळ्या वस्तूंवर करून बघितलंय. कोथिंबीर, पोपट, शेजारच्या ललिताबाईंचा गाऊन. कधी चुकलं नाही. ललिताबाई तेवढ्या रागावल्या.

आणखी एक. मी योगिनीला विचारलं, सायलीला मुलगा झाला तर त्यालाही असं असेल का? म्हणाली, असेल किंवा नसेल, जन्मल्याशिवाय सांगता येत नाही. असलं तर असो. पण मग त्याला टोमॅटो तोडायला कोण शिकवणार? तुझ्या वडिलांना ते जमलं नव्हतं. मला मिरचीचं कळलं ते अण्णा गेल्यावर. राहिलास तू. मामा नागपूरला रुसून बसला तर त्या पोराने धपाटे खायचे का?

आजी

•

पाथर्डी फाटा
१० जानेवारी, शनिवार

रुद्रा,

हे पत्र नागपूरला पोचेल तेव्हा तू तिथे नसशील. परत गेल्यावर वाच. योगिनी म्हणते, "आजी, मी फोनवर उत्तर पाठवलंय, आता पत्र कशाला?" पण तिने पाठवलं ते एक ओळीचं. एका ओळीत माझं काय होतंय?

आज दुपारी मी तिळाला ऊन दाखवत गच्चीत बसले होते. तुझे वडील खाली ओसरीत होते, टोपी न्यायला आले होते. त्या रविवारपासून टोपी न्यायला कितीदा आले, ते मी मोजलं नाही. येतात, पेरू ठेवतात, "काय पत्र आलं का कुणाचं?" विचारतात आणि टोपी खुंटीवर ठेवून जातात.

योगिनी ओरडत वर आली, "आजी, फोटो!" मी जिन्यावरून कशी उतरले, माझे गुडघे मला विचारतायत. तुझा तळहात होता. त्यावर बांगड्या, लखलखीत ऊन, मागे कुठल्या तरी रस्त्यावरची रिक्षा. खाली फक्त नंबर. ना नमस्कार, ना चमत्कार.

0E7C3A.

योगिनी वाचायला लागली. मी म्हटलं, थांब, मी वाचते. पण फोन माझ्या हातात यायच्या आधी तुझ्या वडिलांच्या हातात गेला. त्यांचे डोळे चांगले आहेत, बांगड्या कोणत्या रंगाच्या ते लांबून दिसत होतं. तरी त्यांनी अंगठ्याने फोटो झाकला.

"हे कसं वाचायचं, मामी?"

मी सांगितलं. पहिली जोडी, मधली जोडी, शेवटची. त्यांनी बोट एकेका घराखाली धरलं, शाळेत धरतात तसं. "शून्य... सात... तीन." मग पुन्हा पहिल्यापासून. घाई केली नाही.

"मधली मोठी," म्हणाले. "हिरव्या हायेत."

फोन योगिनीला परत दिला. खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, घडी घालून परत ठेवला. म्हणाले, "त्याला इचार, गाडी नाशिक रोडला कवा लागते. म्या जातो आणायला."

आणि टोपी घालून निघाले. आज विसरले नाहीत.

आजी